भीमथडीचा घोडा घरी परतला

भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम यांचा संगम आहे. त्या रानात घोडा सहसा दिसत नाही. तिकडच्या एका विद्यार्थ्याने राज्यगीत संपल्यावर विचारले, "सर, भीमथडीचं तट्टू म्हणजे काय?"

थडी म्हणजे नदीकाठ. भीमेकाठची स्थानिक तट्टे आणि अरबी, तुर्की घोडे यांच्या संकरातून ही काटक जात घडली. हबशी मुलखातून आलेला निजामशाहीचा वजीर मलिक अंबर (मृत्यू १६२६) आणि पुढे मराठे, दोघांचाही गनिमी कावा दख्खनच्या अशाच चपळ घोड्यांवर चालला. १८१८ नंतर फौजा मोडल्या, जातीचे नाव मागे पडले. ती संपली असेच अनेकांनी मानले. पण मेंढपाळ धनगरांचा संसार पाठीवर वाहत ती जगत होती. जानेवारी २०२४ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. हरवलेला लाडका घोडा जणू कळपात परतला!

त्या मुलाला मी एवढेच सांगितले : या घोड्यात अरबस्तान आहे आणि भीमाकाठही. त्याला कोणी परका म्हणत नाही. मग माणसांच्या इतिहासातच ही मोजदाद का?