स्वातंत्र्य, सद्गुण आणि राज्ययंत्र

लोकसत्ताक राज्य कशाच्या बळावर टिकतें, हा प्रश्न राजनीतिशास्त्राइतकाच जुना आहे. लोक सद्गुणी असले म्हणजे राज्यकारभार आपोआप सुधारतो, असें एक पक्ष म्हणतो. माणसें कशींही असलीं तरी नीट चालेल अशीच राज्ययंत्राची रचना करावी, असें दुसऱ्याचें म्हणणें. या वादाचा निकाल ज्यांनीं प्रत्यक्ष राज्य उभारलें त्यांच्या इतिहासांत शोधणें आम्हांस अधिक इष्ट वाटतें. आणि त्या दृष्टीनें अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांच्या स्थापनेचा काळ मोठा बोधप्रद आहे.

फ्रेंच ग्रंथकार माँतेस्क्यू यानें १७४८ सालीं असा सिद्धान्त मांडला कीं, जुलमी सत्ता भीतीवर चालते, राजसत्ता मानमरातबाच्या हौसेवर चालते, आणि लोकसत्ता मात्र नागरिकांच्या सद्गुणावर चालते. सद्गुण म्हणजे येथें सोंवळेंओंवळें नव्हे; स्वहितापेक्षां सार्वजनिक हित वरचढ मानण्याची संवय, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकन पुढाऱ्यांना हा विचार चांगला परिचित होता. व्हर्जिनियानें १७७६ च्या जून महिन्यांत हक्कांचा जो जाहीरनामा मंजूर केला, त्याचा मसुदा मुख्यतः जॉर्ज मेसन याच्या हातचा. न्याय, संयम, मिताचार आणि काटकसर यांना लोक घट्ट धरून राहिले तरच स्वतंत्र राज्य टिकेल, असें त्यांत बजाविलें आहे.

परंतु दहा वर्षांच्या आंतच ही आशा मावळूं लागली. युद्ध संपलें, आणि जो तो आपापल्या संस्थानाचें पाहूं लागला. मध्यवर्ती काँग्रेसला कर बसविण्याचा अधिकार नव्हता, व संस्थानें आपला वांटा वेळेवर भरीनात. १७८६-८७ मध्यें मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकऱ्यांनीं डॅनियल शेज याच्या पुढारीपणाखालीं हत्यार उचललें. अशा स्थितींत १७८७ च्या उन्हाळ्यांत ५५ प्रतिनिधि फिलाडेल्फिया येथें जमले. त्यांतील छत्तीस वर्षांच्या जेम्स मॅडिसननें मनुष्यस्वभाव निर्मळ नाहीं असें गृहीत धरूनच आपली मांडणी केली. एका खात्याच्या महत्त्वाकांक्षेला दुसऱ्या खात्याच्या महत्त्वाकांक्षेनें आवर घालावा. राज्य विस्तीर्ण असावें, म्हणजे हितसंबंध इतके नानाविध होतील कीं जुलमी बहुमत जमविणें अवघड जाईल. १७ सप्टेंबर रोजीं ३९ प्रतिनिधींनीं घटनेवर सह्या केल्या. मेसननें सही नाकारली. नागरिकांच्या हक्कांची सनद तींत नाहीं, हा त्याचा एक मुख्य आक्षेप. ती उणीव १७९१ सालीं पहिल्या दहा दुरुस्त्यांनीं भरून काढावी लागली.

मॅडिसनचा भरंवसा केवळ यंत्रावर होता असें मात्र समजूं नये. लोकांत सद्गुणच नसेल तर कोणत्याही राज्यपद्धतीनें स्वातंत्र्य राखलें जाईल ही कल्पना भ्रामक आहे, असें त्यानेंच १७८८ सालीं व्हर्जिनियाच्या सभेंत सांगितलें. यंत्र जेथें मुकें होतें तेथें काय झालें तेंही पाहण्यासारखें आहे. अध्यक्षानें किती वेळां निवडून यावें याविषयीं मूळ घटनेंत एक अक्षर नव्हतें. विजयी सेनापति असतांना १७८३ सालीं ज्यानें सेनापतिपद परत केलें, त्याच वॉशिंग्टननें दोन मुदतींनंतर १७९७ मध्यें अध्यक्षपदही सोडलें. त्या संयमाची रीत पडली. ती १९४० पर्यंत पाळली गेली, व १९५१ सालीं घटनादुरुस्तीनें तिला कायद्याचें रूप आलें.

येथवर दोन्ही पक्षांचा समेट झाल्यासारखा दिसतो. पण खरी कसोटी निराळीच होती. १७९० च्या पहिल्या खानेसुमारींत सुमारें ३९ लाख लोक मोजले गेले. त्यांपैकीं जवळजवळ ७ लाख गुलाम होते. प्रतिनिधींची संख्या ठरवितांना पांच गुलाम म्हणजे तीन माणसें हा हिशेब मान्य झाला. त्यामुळें ज्यांना मत नव्हतें त्यांच्या संख्येनें धन्यांचेंच बळ वाढलें. बाहेरून गुलाम आणण्यास १८०८ पूर्वीं काँग्रेसनें बंदी करूं नये, असेंही कलम पडलें. गुलामांचा धनी लहानसा जुलमगारच बनतो, असें मेसननें त्याच सभेंत ठणकावलें. परंतु त्याच्या स्वतःच्या मळ्यावर गुलाम राबत होते. वॉशिंग्टननें निदान मृत्युपत्रानें आपले गुलाम मुक्त करण्याची तजवीज केली. मॅडिसन १८३६ सालीं वारला, तो तेंही न करतां.

आमच्या मतें या इतिहासाचें मर्म येथेंच आहे. परस्परांस आवर घालणारी रचना ज्यांना तींत जागा मिळाली आहे त्यांचेंच रक्षण करते. गुलामाला कोणत्याच सभेंत जागा नव्हती. त्याच्या वतीनें कोणाचीच महत्त्वाकांक्षा उभी राहिली नाहीं. त्याला फक्त सद्गुणाचा आधार होता, आणि नेमका तेथेंच सद्गुण स्वार्थापुढें नमला. त्याची किंमत १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत लक्षावधि प्राणांनीं मोजावी लागली, तेव्हां तेराव्या दुरुस्तीनें गुलामगिरी उठली.

हा धडा महाराष्ट्रांत फार लवकर वाचला गेला. १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अर्पण केलें, तें घटना रचणाऱ्या पुढाऱ्यांना नव्हे, तर गुलामांना मुक्त करण्यासाठीं झटलेल्या अमेरिकन लोकांना. आणि आपल्या देशबांधवांनींही शूद्रांच्या बाबतींत त्यांचा कित्ता गिरवावा, अशी इच्छा प्रकट केली. राज्याच्या चांगुलपणाचें माप कोठें लावावें, हें त्यांनीं अचूक ओळखलें होतें. कोणत्याही घटनेची स्तुति करण्यापूर्वीं, ती रचतांना बाहेर कोण उभें होतें, हें आपणही विचारावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.