चार हजचे मोसम आणि एका मिनिटाची घोषणा

जनाजाची नमाज सुरू होण्याआधी घरातला थोरला मुलगा पुढे येतो. "अब्बांकडे कुणाचं येणं असेल तर मला भेटा, नाहीतर माफ करा," एवढं सांगून तो सफमध्ये जाऊन उभा राहतो. लहानपणापासून हे ऐकत आलोय. एक मिनिटही लागत नाही.

हजरत जुबैर यांच्या मुलाला याच कामाला चार वर्षे लागली.

हजरत जुबैर बिन अव्वाम म्हणजे पैगंबर (स.) यांच्या आत्या हजरत सफिया यांचे पुत्र. हिजरी 36 मध्ये (इ.स. 656) जमलच्या लढाईच्या दिवशी ते मारले गेले. माझं कर्ज फेड, असं त्यांनी त्याच दिवशी मुलगा अब्दुल्लाह यांना बजावलं होतं. लोक त्यांच्याकडे पैसे ठेवायला येत, तेव्हा ते म्हणत, ठेव नको, कर्ज म्हणून द्या. ठेव हरवली तर बुडतो ठेवणारा. कर्ज मात्र घेणाऱ्याला फेडावंच लागतं. सहीह बुखारीत पूर्ण हिशेब आहे: कर्ज 22 लाख, रोख काहीच नाही, फक्त जमीन आणि घरं. हकीम बिन हिजाम यांनी विचारलं तेव्हा अब्दुल्लाह यांनी आकडा लपवून एक लाख सांगितला. तेवढाही फिटेल असं हकीम यांना वाटेना!

मग गाबाची जमीन विकायला काढली. 1 लाख 70 हजारांना घेतलेली ती 16 लाखांना गेली. अब्दुल्लाह बिन जाफर यांचे 4 लाख येणं होतं. ते स्वतःहून म्हणाले, हवं तर सोडून देतो. मुलाने नाही म्हटलं. थांबतो म्हणाले, तरी नाही. शेवटी त्यांना जमिनीचा तुकडा तोडून दिला.

कर्ज फिटल्यावर भावंडं वाटणी मागू लागली. तेव्हा अब्दुल्लाह यांनी सलग चार वर्षे हजच्या मोसमात पुकारा केला, की ज्याचं येणं असेल त्याने यावं. त्यानंतरच वाटणी झाली.

शरीयतमध्ये वारसाला स्वतःच्या खिशातून फेडण्याची सक्ती नाही. पण मालमत्तेतून कफन-दफन, मग कर्ज, मग वसियत आणि त्यानंतरच वारसांचा हिस्सा. सूरह निसाच्या 11 आणि 12 या दोन आयतींत वसियत आणि कर्जानंतरच वाटणी, हे चार वेळा आलं आहे.

आणि न दिलेलं मेहेर हेही कर्जच. म्हणजे विधवा ही वारसही आणि सावकारही.

आमच्या चाचा वारले तेव्हा बायकांनी चाचींना दंडाला धरून मय्यतीजवळ आणलं. "मेहेर माफ केलं म्हण." त्या रडत होत्या, काहीतरी पुटपुटल्या. सगळ्यांनी ते हो धरलं. बाहेर घोषणा झाली तेव्हा मी पहिल्या सफमध्ये होतो. अब्दुल्लाह बिन जाफर यांची गोष्ट मला तेव्हाही पाठ होती, आणि मी काही बोललो नाही.

चाचा किराणावाल्याचे 1,400 रुपये देणं होते. ते तिसऱ्या दिवशी दिले गेले.