स्वातंत्र्य आणि सम

उत्तम मैफल दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी ऐकावयास मिळत नाही. गायक तोच, राग तोच, पुष्कळदा श्रोतेही तेच. पण ख्याल पुन्हा नव्याने उभा राहतो. भारतीय रसिकाला यात नवल वाटत नाही. पाश्चात्त्य रॉक संगीतात मात्र ही वृत्ती १९६० नंतरच्या दशकात रुजली. तबकडीसाठी तीन मिनिटांत बांधलेले गीत रंगमंचावर अर्धा अर्धा तास फुलू लागले. भान हरपवणाऱ्या या संगीताला ‘सायकेडेलिक रॉक’ असे नाव पडले.

अमली पदार्थांच्या धुंदीतला हा गोंगाट आहे, असा आक्षेप त्यावर घेण्यात आला. तो सर्वस्वी निराधार नव्हता. परंतु केवळ धुंदीवर कोणतीही कला फार काळ तग धरीत नाही. १९६५ साली स्थापन झालेल्या कॅलिफोर्नियातील ‘ग्रेटफुल डेड’ या वृंदाने तीस वर्षांत सुमारे २,३०० कार्यक्रम केले. कालचे गीत आज निराळे निघे, म्हणून त्यांचे चाहते कार्यक्रमामागून कार्यक्रम ध्वनिमुद्रित करीत. या वृंदाचा तालवादक मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँ यांच्या तबल्याने भारावून गेला होता. वृंदाची ‘द इलेव्हन’ ही रचना तर अकरा मात्रांची आहे. स्वैर वाटणाऱ्या वादनालाही मोजलेल्या काळाची ओढ लागली होती, ती अशी.

ही ओढ जिथे चांगली भागली, असे एक ठिकाण म्हणजे बंगळूर. येथे १९६४ साली मृदंगवादक टी. ए. एस. मणी यांनी ‘कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन’ ही संस्था स्थापन केली. १९७० नंतर बंगळुरात गाजलेल्या ‘ह्यूमन बाँडेज’ या रॉक वृंदाचा ढोलवादक रमेश शोथम याने याच संस्थेत तविलाचे शिक्षण घेतले. विजेच्या गिटारींच्या गदारोळातून आलेला तरुण येथे गुरूसमोर बसून बोल म्हणू लागला.

त्या बोलांचे गणित पाहण्याजोगे आहे. आदितालाच्या आठ मात्रांचे प्रत्येकी चार भाग केले की आवर्तनात बत्तीस अंश होतात. ‘तकधिमितकिट’ हा सात अंशांचा बोल तीनदा म्हटला आणि मध्ये दोन वेळा दोन-दोन अंशांची विश्रांती घेतली, तर बेरीज पंचवीस होते. म्हणजे समेपासून सात अंश सरताच आरंभ केला, तरच बोल संपतो त्या क्षणी पुढची सम गाठता येते. हा हिशेब ऐन वादनात, शेजारच्याचे ऐकता ऐकता, करावा लागतो.

बोस्टनमध्ये १९२३ साली जन्मलेला सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो नागस्वरम् शिकण्यासाठी दक्षिण भारतात आला. म्युनिकच्या ‘एम्ब्रियो’ या वृंदाशीही त्याचा स्नेह होता. १९६९ साली ख्रिस्तिआन बुर्खार्ड आणि एडगर हॉफमन यांनी स्थापन केलेला हा वृंद १९७८-७९ मध्ये बसगाडीने अफगाणिस्तानमार्गे भारतात येऊन पोहोचला होता. ‘एम्ब्रियो’, मारियानो आणि बंगळूरची ही संस्था यांच्या सहकार्यातून ‘लाइफ’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. पुढे १९८३ साली मारियानोने संस्थेच्या कलावंतांसह ‘ज्योती’ ध्वनिमुद्रित केली. तीत आर. ए. रामामणी यांचा कर्नाटक पद्धतीचा कंठ आणि सॅक्सोफोन एकमेकांना वाट देत पुढे सरकतात. कोणी कोणाची नक्कल करीत नाही. समेवर मात्र सारे एकत्र येतात.

मारियानो २००९ साली, बुर्खार्ड २०१८ साली आणि मणी २०२० साली निवर्तले. ध्वनिमुद्रिका उरल्या, पण ध्वनिमुद्रिकेत एका दिवसाचेच वादन बंदिस्त होते. न मुद्रित झालेल्या शेकडो रात्री ज्यांनी ऐकल्या त्यांच्याच स्मृतीत आहेत, आणि त्यांच्याबरोबरच त्या जातील. त्याची हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. तथापि या संगीताचे मर्म त्या रात्रींपुरते नाही. सम मनात पक्की असेल, तर तिच्यापासून कितीही दूर जाता येते, हे ते मर्म होय. ख्यालाची मैफल ऐकणाऱ्या मराठी रसिकाला ते परके वाटू नये.