रोगाला जात नसते? १९१८ च्या तापाचे आकडे तपासताना

साथीचा रोग जात पाहत नाही, असे प्रत्येक साथीत ऐकवले जाते. विषाणूपुरते ते खरे आहे. पण मरण कोणाच्या वाट्याला किती येते, हे विषाणू एकटा ठरवत नाही. घर, अन्न, पाणी आणि औषध कोणाला मिळते, यावर ते ठरते. १९१८ चा इन्फ्लुएन्झा हा याचा पुरावा आहे. मात्र पुरावा वापरायचा तर तो आधी तपासला पाहिजे.

पहिला प्रश्न एकूण मृत्यूंचा. सरकारचा सुरुवातीचा अंदाज ६० लाखांचा होता. पुढे लोकसंख्याशास्त्रज्ञ किंग्जले डेव्हिस यांनी तो १ कोटी ८५ लाखांवर नेला. २०१२ च्या एका अभ्यासात १ कोटी ३९ लाखांच्या आसपासचा आकडा येतो, पण तो फक्त ब्रिटिश प्रांतांचा आहे. म्हणजे आकड्यासोबत भूभाग कोणता, हे विचारल्याशिवाय तुलना करता येत नाही. एवढे मात्र पक्के की १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

इतकी तफावत का? कारण गावातली मृत्यूनोंद पाटील-कोतवालांच्या यंत्रणेवर अवलंबून होती आणि साथीत ती यंत्रणाच कोलमडली. मयताची खबर गावोगाव पोचवणे हे वतनी महारांच्या माथी मारलेले काम होते. खबर आपल्या पूर्वजांनी वाहिली, पण वही त्यांच्या हातात नव्हती.

आपला यवतमाळ जिल्हा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. साथीचा सर्वाधिक तडाखा बसलेल्या प्रांतांत त्याची गणना होते. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला, धान्य महागले आणि उपाशी शरीरांवर ताप कोसळला. जिल्ह्याचे जुने दस्तऐवज शोधणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, १९०५ पर्यंत या जिल्ह्याचे नाव वणी होते.

आता कळीचा आकडा. मुंबई शहरात या तापाने दर हजारी मृत्यू असे नोंदले गेले: युरोपियन ८.३, पारशी ९, मुस्लिम १९.२, इतर हिंदू १८.९ आणि 'खालच्या जातीचे हिंदू' ६१.६. इतर हिंदूंच्या तिप्पट, युरोपियनांच्या सातपटीहून जास्त!

हा आकडा मांडताना तीन गोष्टी सोडू नयेत. तो हजारी आहे, शेकडा नव्हे. तो मुंबई शहराचा आहे, यवतमाळचा किंवा देशाचा नव्हे. आणि 'खालच्या जातीचे' हा सरकारी रकाना आहे, त्यावरून एखाद्या एका जातीचा दर काढता येत नाही. शेकडा ६१ असे लिहिले की समोरचा तेवढीच चूक पकडतो आणि खरा अन्याय चर्चेतून बाद होतो.

हीच दक्षता सावित्रीबाईंबद्दल लिहितानाही हवी. १८९७ मध्ये त्यांचा बळी घेणारा प्लेग हा जिवाणूचा रोग, विषाणूचा नव्हे. जिवाणू १८९४ मध्येच सापडला होता. उलट १९१८ चे अनेक डॉक्टर इन्फ्लुएन्झाला जिवाणूच कारण मानत होते. माणसातला त्याचा विषाणू १९३३ मध्ये हाती लागला. म्हणून जुना अहवालही जसाच्या तसा उचलू नये.

ही साथ ओसरत असताना, २७ जानेवारी १९१९ रोजी, बाबासाहेबांनी साउथबरो कमिटीपुढे साक्ष दिली आणि अस्पृश्यांसाठी स्वतंत्र प्रतिनिधित्व मागितले. ज्यांचे मरणही धड मोजले जात नाही, त्यांची गाऱ्हाणी दुसऱ्याने मांडून भागत नाही.

रोगाला जात नसेल, पण मरणाच्या रकान्यात ती लख्ख दिसते. तरुण मित्रांनो, पुढच्या वेळी आकडा पुढे पाठवण्याआधी चार प्रश्न विचारू या: कोणी मोजले, कुठले मोजले, कशाच्या प्रमाणात मोजले आणि कोण मोजायचे राहिले? चिकित्सा ही आपल्याला बुद्धाने दिलेली शिदोरी आहे. ती आपल्या बाजूच्या आकड्यांनाही लावू या.

जय भीम!