मार्क ट्वेन मुंबईत का आला?

मंडळी, मार्क ट्वेन जानेवारी १८९६ मध्ये मुंबईला वॉटसन हॉटेलात उतरला होता, हे काहींना ठाऊक असेल. इथल्या कावळ्यांवर त्याने झकास लिहिलंय. पण साठी गाठलेला हा माणूस जगभर भाषणं देत हिंडत होता, तो कर्ज फेडायला!

त्याची प्रकाशनसंस्था, चार्ल्स वेब्स्टर आणि कंपनी, एप्रिल १८९४ मध्ये बुडाली. जनरल ग्रँटच्या आठवणींवर हिनेच अमाप पैसा मिळवला होता. शिवाय टाइप जुळवणाऱ्या एका यंत्रापायी ट्वेनचे स्वतःचे पैसेही गेले. गंमत म्हणजे अमेरिकेत १८७८ पासून देशभराचा दिवाळखोरीचा कायदाच नव्हता. मग एक मार्ग असा. मालमत्ता तिऱ्हाइताच्या हवाली करायची, त्याने ती विकून पैसे धनकोंत वाटायचे. कोर्टकचेरी कमी, पण मेख अशी की, धनकोंनी सोडल्याशिवाय उरलेलं देणं माफ होत नाही.

ट्वेनचा सल्लागार हेन्री रॉजर्स, स्टँडर्ड ऑइलवाला, पक्का व्यवहारी. ट्वेनच्या पत्नीने, ऑलिव्हियाने, संस्थेला पैसे दिले होते. तिला पहिली धनको ठरवून त्याने पुस्तकांचे हक्क तिच्या नावावर केले. मला हे खटकतं. कागदवाल्याने, बांधणीवाल्याने कुणाकडे बघायचं? पण ते हक्क लिलावात मातीमोल गेले असते, तर त्यांनाही काय मिळणार होतं म्हणा!

१८९८ च्या सुरुवातीला सगळी देणी फिटली, पैन् पै. त्याच वर्षी जुलैत अमेरिकेत दिवाळखोरीचा नवा कायदा आला.