थेलोनिअस मंक : एक मौनी वादक

‘जाझ’ म्हणजे निव्वळ गोंगाट, असा समज आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षितांचा असतो. थेलोनिअस मंक या अमेरिकन नीग्रो पियानोवादकाचें चरित्र त्या समजास उत्तर आहे, असें आम्हांस वाटतें.

मंकचा जन्म १९१७ चा, रॉकी माउंट गांवचा. वाढला तो न्यूयॉर्कमध्यें. १९४० नंतर हार्लेममधील ‘मिंटन्स प्लेहाऊस’मध्यें त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं जाझला नवें वळण दिलें. श्रोता जेथें स्वराची वाट पाही, तेथें तो थांबे. जो स्वर कानास खुपेल, तोच निःशंकपणें वाजवी. त्याचें थांबणेंहि तालांतच असे.

१९५१ सालीं मोटारींत मादक द्रव्य सांपडल्यावरून त्यास अटक झाली. सोबतचा मित्र बड पॉवेल याच्याविरुद्ध त्यानें तोंड उघडलें नाहीं. परवाना गेला, १९५७ पर्यंत न्यूयॉर्कच्या मद्यगृहांत वाजविण्यास तो मुकला. घर पत्नी नेलीनें सांभाळलें. त्याची रचना मात्र खंडली नाहीं.

१९८२ सालीं तो वारला. पुलित्झर समितीनें गौरव केला तो २००६ सालीं! ‘राउंड मिडनाइट’ ही त्याची रचना आजहि जगभर वाजते. तींतील विराम ऐकतांना, मित्रासाठीं पत्करलेलें तें मौनहि रसिकांनीं आठवावें.