लग्नाचा अल्बम का रखडतो? तालुक्याच्या गावातला फोटो स्टुडिओ नेमका चालतो कसा

लग्नाला आठ महिने झाले, दिवाळसण उरकला, पण अल्बम अजून फोटोवाल्याकडेच आहे. ही तक्रार तुम्ही कुठल्या ना कुठल्या नातेवाईकाकडून ऐकलीच असेल. घरचे म्हणतात, फोटोवाला चालढकल करतो. फोटोवाला म्हणतो, फोटो निवडून पाठवा म्हणून पाच वेळा फोन केला. गंमत म्हणजे बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. हा घोळ कुठे होतो ते कळायला स्टुडिओचा धंदा आतून बघावा लागतो.

तिथी दाट, माणूस एकच

महाराष्ट्रात लग्नांचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो आणि आषाढी एकादशीला थांबतो. मध्ये पौषात अनेक घरं लग्न करत नाहीत. पुढचे चार महिने चातुर्मास. म्हणजे वर्षभराची कमाई पंचांगातल्या मोजक्या तारखांवर अवलंबून. त्यात गुरू किंवा शुक्राचा अस्त आला की मुहूर्त आणखी आटतात. २०२४च्या मे-जूनमध्ये दोन्ही अस्त एकत्र आले आणि ऐन उन्हाळ्यात मुहूर्तांचा दुष्काळ पडला. दुकानाचं भाडं आणि कॅमेऱ्याच्या कर्जाचा हप्ता मात्र पंचांग बघत नाही.

उलट दाट तिथीला एकाच स्टुडिओकडे तीन-चार ऑर्डरी येतात. मालक एकाच मांडवात उभा राहू शकतो. बाकीच्या ठिकाणी शेजारच्या गावातले फोटोग्राफर रोजावर बोलावले जातात. यात फसवणूक नाही, सगळा धंदा असाच चालतो. पण तुम्ही इन्स्टाग्रामवर ज्याचं काम बघून ऑर्डर दिली, तोच माणूस तुमच्या लग्नात येईल, असं गृहीत धरू नका. ऑर्डर देतानाच विचारा: आमच्या लग्नात कॅमेरा कोणाच्या हातात असेल?

कॅमेरेही एका हातात नसतात. ‘ट्रॅडिशनल’वाला विधी आणि स्टेजवरचे आहेर, घोळक्यांचे फोटो घेतो. ‘कॅन्डिड’वाला चेहरे आणि नकळतचे क्षण टिपतो. व्हिडिओवाला वेगळा, ड्रोनवाला आणखी वेगळा. अंतरपाट खाली येतो तेव्हाचा क्षण दोन सेकंदांचा असतो. त्याच वेळी अक्षता उडतात आणि पाहुण्यांचे वीस मोबाइल मध्ये येतात. नवरा-नवरी एकमेकांसमोर उभे असतात, त्यामुळे एका माणसाला एकाच वेळी दोघांचे चेहरे मिळत नाहीत. दोन बाजूंना दोन कॅमेरे लागतात ते यासाठी. ‘एकच फोटोवाला पुरे’ म्हणणाऱ्या घराला नंतर नवरीचा चेहरा मिळतो आणि नवऱ्याची पाठ.

मंगल कार्यालयातला उजेड ही आणखी एक डोकेदुखी. लाल किंवा जांभळ्या कापडाच्या छताखाली फ्लॅश वर मारला, तर तोच रंग चेहऱ्यावर उतरतो. स्वस्त एलईडी दिवे वीजपुरवठ्याच्या ५० हर्ट्झ तालावर लुकलुकतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण शटरचा वेग त्याच्याशी जुळवला नाही तर फोटोत काळपट पट्टे येतात. असे फोटो नंतर एकेक करून दुरुस्त करावे लागतात. अल्बम रखडण्याची ही सुरुवात असते.

नफा शेवटच्या हप्त्यात

आता पैशाचं बघू. आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येक गावात दर वेगळे. समजा साखरपुडा, हळद आणि लग्न मिळून ६०,००० रुपयांना ऑर्डर ठरली. बाहेरून बोलावलेल्या कॅन्डिडवाल्याला दोन दिवसांचे १२,०००, व्हिडिओवाल्याला ८,०००, व्हिडिओच्या मिक्सिंगला ५,०००, दोन अल्बमच्या छपाईला ९,००० आणि गाडीला ३,००० गेले. खर्च झाला ३७,०००. उरले २३,०००. त्यातून भाडं, वीजबिल, दुकानातल्या मुलाचा पगार, कॅमेऱ्याची झीज. हो, कॅमेरा झिजतो. चांगल्या डीएसएलआरचं शटर साधारण दीड ते दोन लाख क्लिकसाठी बनवलेलं असतं. एका लग्नात साडेतीन हजार फोटो धरले, तर दोन लाखांचं शटर ५७ लग्नांत त्या मर्यादेला पोचतं.

पैसे येतात तीन टप्प्यांत: विसार म्हणून थोडे, लग्नाच्या दिवशी थोडे आणि ‘अल्बम नेताना बाकीचे’. शेवटचा हप्ता २०,०००चा असेल, तर वर सांगितलेला जवळजवळ सगळा नफा त्याच हप्त्यात अडकलेला आहे. मग फोटोवाला अल्बम रेटून पूर्ण का करत नाही?

कारण अल्बम त्याच्या एकट्याच्या हातात नाही. बारा बाय छत्तीस इंचाच्या अल्बममध्ये ४० शीट आणि दर शीटवर पाच फोटो धरले, तर जागा २०० फोटोंची. ते निवडायचे साडेतीन हजारांतून. लग्नानंतर नवरा-नवरी पुण्याला नोकरीवर परततात, पेनड्राईव्ह सासरी राहतो, दोन्हीकडच्या मावशा ‘आमचा एकही फोटो नाही’ म्हणून रुसतात आणि निवड लांबते. यादी आठ महिन्यांनी स्टुडिओत पोचते तेव्हा पुढचा हंगाम सुरू झालेला असतो, आणि एडिटरसमोर ताज्या लग्नांचं काम असतं. छपाई तर बहुतेक वेळा गावात होतही नाही, डिझाइन मोठ्या शहरातल्या कलर लॅबला जातं. इकडे लग्नखर्चाने घर दमलेलं असतं. अल्बम आणायला गेलो की पैसे द्यावे लागतील, म्हणून अल्बमच आणायचा राहतो. तयार होऊन न नेलेले अल्बम स्टुडिओच्या कपाटात पडून असतात. दुसऱ्याच्या लग्नाचा अल्बम कोणी विकत घेत नाही, म्हणजे ते भांडवल मेलं.

यावर जाणत्या स्टुडिओवाल्यांचा उपाय साधा आहे. निवडीला मुदत घालायची, साधारण ४५ दिवस. तेवढ्यात यादी आली नाही तर निवड स्टुडिओ करणार. आणि शेवटचा हप्ता अल्बमला न बांधता फोटो निवडायला देतानाच घ्यायचा. ग्राहकाला हे कडक वाटतं. माझ्या मते त्याच्याही फायद्याचं हेच आहे, फक्त अल्बम कधी मिळणार याची तारीखही त्याच कागदावर लिहून घ्यावी.

फोटो नक्की कोणाचे?

सोशल मीडियावर यावरून बरीच भांडणं होतात. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ याबाबत स्पष्ट आहे. कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो किंवा फिल्म तयार केली असेल आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देऊन काम करवून घेणारा. म्हणजे ऑर्डर देणारं घर. अमेरिकेत साधारणपणे याच्या उलट, हक्क फोटोग्राफरकडे राहतात, म्हणून इंग्रजी व्हिडिओ बघून मत बनवू नका.

याचा व्यवहारी अर्थ असा की तुमच्या हळदीची रील स्टुडिओने जाहिरातीसाठी टाकायची, तर तुमची परवानगी हवी. म्हणून अनेक स्टुडिओ बुकिंगच्या पावतीमागे बारीक अक्षरात ती परवानगी छापून घेतात. सही करण्याआधी पावती उलटून बघा. स्टुडिओच्या बाजूनेही एक मुद्दा आहे. हक्क तुमचे म्हणजे सगळ्या रॉ फाइल उद्याच द्या, असं होत नाही. काय द्यायचं, कुठल्या स्वरूपात आणि कधी, हे आधी ठरवावं लागतं.

गाण्यांचं वेगळंच आहे. लग्नात आणि वरातीत गाणी वाजवायला याच कायद्याच्या कलम ५२मध्ये सूट आहे. पण तेच सिनेमाचं गाणं व्हिडिओला जोडून यूट्यूबवर टाकलं की ती सूट लागू होईल असं समजू नका. तुमचा व्हिडिओ मुका होतो तो यामुळे. ड्रोनसाठी २०२१चे नियम आहेत. २५० ग्रॅमच्या आतला ड्रोन सोडला, तर पैसे घेऊन उडवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. ते आहे का, हे विचारायला लाजू नका, कारण ड्रोन फिरतो तो तुमच्याच पाहुण्यांच्या डोक्यावर.

फाइल गेल्या तर?

कॅमेरा दुरुस्त होतो, लग्न पुन्हा लागत नाही. म्हणून दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो साठवणारा कॅमेरा हवा, आणि त्याच रात्री दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी. यातली एक डिस्क दुकानाबाहेर, घरी. साडेतीन हजार रॉ फोटो दर फाइल २८ एमबी धरून जवळजवळ १०० जीबी होतात. १०० एमबीपीएसने घेतलेला फोर-के व्हिडिओ तासाला ४५ जीबी खातो. त्यामुळे कुठलाही स्टुडिओ सगळं कायमचं जपून ठेवत नाही, काही महिन्यांनी डिस्क मोकळी करावीच लागते. फोटो हातात आले की तुमची स्वतःची दुसरी प्रत लगेच करा. स्टुडिओच्या निष्काळजीपणाने फोटो गेले, तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. तिथे पावती आणि काय ठरलं होतं त्याचा लेखी पुरावा उपयोगी पडतो. तोंडी ठरलेलं सिद्ध करताना दोन्ही बाजूंची दमछाक होते.

लग्न नसतं तेव्हा

चातुर्मासात स्टुडिओ बारसं, डोहाळजेवण, शाळेचे ग्रुप फोटो, स्थळासाठी बायोडाट्यातला फोटो आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तगतो. पासपोर्ट साइजचा धंदा मात्र आटला आहे. आधारचा फोटो केंद्रावरच काढतात आणि पासपोर्टचाही सेवा केंद्रातच. घरून फोटो न्यावा लागतो तो चार वर्षांखालच्या मुलांचा. दोन वर्षांच्या पोराला पांढऱ्या पडद्यासमोर सरळ बघायला लावणं हे चार लग्नांइतकं कष्टाचं काम आहे, हे कुठलाही फोटोवाला सांगेल.

आणि एक काम बाराही महिने येतं. घरात कोणी गेलं की दहाव्याच्या आत भिंतीवर लावायला फोटो हवा असतो, आणि आजोबांचा एकट्याचा धड फोटो घरात नसतोच. मग कोणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातले, कोपऱ्यात फेटा बांधून बसलेले आजोबा शोधले जातात. मागची गर्दी काढून, खांद्यावरचा दुसऱ्याचा हात पुसून फ्रेम तयार होते. यासाठी मूळ फाइल लागते. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो आकाराने लहान होतो, त्यातला अंगठ्याएवढा चेहरा मोठा केला की नुसते ठिपके दिसतात. मूळ फाइल हाताशी असेल तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, आणि नसेल तर पेनड्राईव्ह घेऊन थेट दुकानात जा.